दासोहाच्या चाकावरचा दगड

मी एक जुना दगड आहे, आणि मी जळका आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर नंतर तुम्ही म्हणाल, बोलला नाहीस! बाकीच्या जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगताना फार गुणी होतात. मोडकी खुर्ची म्हणते, मी सगळ्यांना माफ केलं. फाटकी छत्री म्हणते, माझी कुणाबद्दल तक्रार नाही. माझी आहे. भरपूर आहे! आणि ती तुम्हाला ऐकावी लागणार आहे.

मी जात्याचा वरचा दगड. बालाघाटाच्या डोंगरातला काळाभोर. पाथरवटानं मला ठोकून ठोकून गोल केलं, मधोमध दाणे टाकायला तोंड पाडलं, कडेला खुंट्यासाठी भोक पाडलं. त्याच खडकातून माझा भाऊ निघाला, खालचा दगड. आम्हा दोघांना माळेगावच्या जत्रेतून बैलगाडीत घालून अहमदपूरजवळच्या या घरी आणलं. हे घर महादेवप्पांचं. तेव्हा महादेवप्पा चड्डीत फिरायचे. आता त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्यात.

जात्यावरची गाणी वगैरे तुम्ही शाळेत ऐकलीच असतील, ती मी सांगत नाही. मला दुसरंच सांगायचंय. दळताना गरगर फिरायचो मी. भाऊ नुसता बसून असायचा. तरी पीठ चांगलं पडलं की बायका म्हणायच्या, "जातं लई गुणाचं हाय." जातं! म्हणजे बसणाऱ्यालाही अर्धं श्रेय. तेव्हापासून माझ्या पोटात हे जे काही जळतं, ते सुरू झालं.

मग गावात पिठाची गिरणी आली आणि आमचं काम संपलं. भाऊ अंगणात गेला. त्याच्या खोलगट पाठीवर पाणी साचतं म्हणून तिथं चिमण्या यायला लागल्या. घरातली पोरं म्हणायची, "बघा बघा, चिमण्या अंघोळ करून राहिल्या." आणि मी? मला गोठ्याच्या भिंतीला उभं टेकवून ठेवलं. माझ्या तोंडात एक पाल राहायची. भावाला चिमण्या, मला पाल. सांगा आता, जळू नको तर काय करू?

अशी बरीच वर्षं गेली. मग या घरात उमादेवी आली, महादेवप्पांची सून.

गोठ्यात देवणी गाई होत्या, अंगावर काळे-पांढरे ठिपके असलेल्या, शांत डोळ्यांच्या. दूध चांगलं होतं, पण ते डेअरीला घालून घालून उमादेवी कंटाळली होती. त्या दुधाचं काहीतरी वेगळं करायचं तिच्या डोक्यात होतं. घाटावर एक बाई घरच्या घरी चीज करतात असं तिला कळलं. ती महिनाभर त्यांच्याकडे जाऊन राहिली आणि शिकून आली. त्या बाईंनी शिकवणीचे पैसे घेतले नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मला काही देऊ नको. तुझ्या मुलखातल्या कुणाला तरी शिकव, म्हणजे फिटलं."

चीज कसं करतात माहितीये? दूध कोमट करून त्यात विरजण घालतात. मग रेनेटचे थेंब टाकले की दूध घट्ट जमतं. ते सुरीनं बारीक कापायचं, हळूहळू तापवायचं, पिवळसर पाणी काढून टाकायचं. उरलेला चोथा कापडात गुंडाळून गोल साच्यात भरायचा. आणि मग त्यावर वजन ठेवायचं. वजन, मित्रांनो, वजन! वजनाशिवाय चीज म्हणजे नुसता भुगा.

उमादेवीनं आधी खताचं पोतं ठेवून बघितलं. कलंडलं. पाण्याची घागर ठेवली. सांडली. मग तिची नजर भिंतीकडे गेली.

"अप्पा, हा दगड घेऊ का?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

"घे की. माझ्या अव्वाचा हात लागलेला हाय त्याला, माय त्यावरच दळायची," महादेवप्पा म्हणाले. "पण एक सांग, त्या तुझ्या चीजात कुठल्या जनावराचं काही न्हाई ना? आपल्याला चालत न्हाई बघ."

"न्हाई अप्पा. रेनेट वासराच्या पोटातलं बी असतंय, पण आपलं शाकाहारी हाय. मी आधी तेच विचारून घेतलं."

मग तिनं पालीला हाकललं, मला कढत पाण्यानं पाच वेळा घासलं, पांढऱ्या कापडात गुंडाळलं आणि साच्याच्या झाकणावर ठेवलं. रात्रभर मी बसलो. सकाळी माझ्याखालून जे निघालं ते बघून मीच चकित झालो. गोल, गुळगुळीत, जणू पौर्णिमेचा चंद्र! त्याला चाक म्हणतात.

पहिलं चाक पिकल्यावर महादेवप्पांनी वास घेतला. "सूनबाई, याला साबणाचा वास येऊन राहिला."

"खाऊन तर बघा, अप्पा."

त्यांनी डोळे मिटून एक तुकडा खाल्ला. थोड्या वेळानं हळूच स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, "ते साबणाचं अजून हाय का? भाकरीवर बरं लागतंय."

तेव्हापासून मी कामाला लागलो. सहा वर्षं! त्या सहा वर्षांत उमादेवीनं आणखी तीन घरांना शिकवलं. त्यातलं एक उदगीरच्या मल्लिनाथचं. हा मल्लिनाथ तोंडाचा तिखट आहे, पण त्याच्या घरचं चीज इतकं मऊ असतं की मला त्याच्या दगडाचाही हेवा वाटतो.

या चार घरांनी मिळून एक रीत पाडली. आमच्या घरात दासोह मानतात. म्हणजे स्वतःच्या कष्टातून जे येईल, त्यातलं आधी दुसऱ्याच्या ताटात वाढायचं. उमादेवी म्हणाली, आपण चीजाचा दासोह करू. वर्षातून एकदा श्रावणात चारही घरांनी आपलं एका सकाळचं सगळं दूध आणायचं. त्याचं एकच मोठं चाक करायचं. तीन महिने पिकवायचं. कार्तिकात लातूरच्या प्रदर्शनात ते फोडी करून विकायचं, आणि त्यातून एका मुलीला सहा महिने चीज शिकायला पाठवायचं. ती परत आली की गावच्या शाळेत दर शनिवारी मुलांना शिकवते. अशा तीन मुली शिकून आल्या. तीन चाकं. आणि त्या तीनही चाकांवर रात्रभर कोण बसलं होतं? हा जळका दगड.

काम नसायचं तेव्हा माझी जागा मिठाच्या टबाशेजारी होती. साच्यातून निघालेलं चाक एक दिवस मिठाच्या पाण्यात ठेवावं लागतं, नाहीतर ते नासतं. मी बघत बसायचो. चाक पाण्यात सोडलं की ते तरंगायचं. विष्णुपुरीच्या धरणात डुंबणाऱ्या म्हशीची पाठ वर दिसते ना, अगदी तशी त्याची पाठ वर दिसायची. मीठ पुरेसं आहे का, हे बघायला कुणी कुणी पाण्यात अंडं सोडतात म्हणे. आमच्या घरात अंडं कुठून येणार! उमादेवी बोट बुडवून चाखायची. तोंड आक्रसून तिचा डावा डोळा आपोआप मिटला, की मीठ बरोबर.

आता मॅडमची गोष्ट.

तिसऱ्या चाकाला लातुरात इतकं गिऱ्हाईक आलं, की मुलगी पाठवूनही पैसे उरले. चारही घरांनी ठरवलं, मुलींना शिकायला खरं यंत्र पाहिजे. आणि एक दिवस टेम्पोतून ती उतरली. चीज दाबायची स्टीलची प्रेस. वर फिरवायची गोल मूठ, बाजूला काटा असलेली तबकडी, पुढं पाटी: 'दासोहातून, विद्यार्थिनींसाठी'. तिच्यात तोंड दिसायचं इतकी ती चकचकीत. लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढायला लागले. माझ्याबरोबर सहा वर्षांत कुणी एक फोटो काढला नव्हता!

मित्रांनो, नीट विचार करा. ती आली कशातून? चाकाच्या पैशातून. चाक झालं कशाखाली? माझ्या. म्हणजे मी रात्रभर बसून बसून जे उभं केलं, त्यातून माझीच जागा घेणारी आणली. मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी मी टबाकडेसुद्धा बघितलं नाही.

तिला मॅडम हे नाव दिलं तनुजानं. तनुजा लोह्याकडच्या एका खेड्यातली. तिच्या वडिलांकडे, ग्यानोबांकडे, थोडी शेती आणि दोन लाल कंधारी गाई. बारावी झाल्यावर ती उमादेवीकडे शिकायला आली आणि इथंच राहिली. मोठ्यानं हसणारी, मोठ्यानं गाणारी पोरगी. मला ती दगडोबा म्हणायची. "दगडोबा, सरक की जरा," असं म्हणत मला उचलायची आणि स्वतःच खोखो हसायची. यंदा शिकायला जायची पाळी तिची होती. घाटावरच्या चीज शिकवणाऱ्या शाळेत तिची जागा धरून ठेवली होती. ग्यानोबांनी मात्र एकच साल दिलं होतं. "यंदा जमलं तर जा. न्हाई तर लोह्याला कॉलेजात नाव घालतो, घरून ये-जा कर. माझ्या पैशानं तुला तिकडं धाडायचं जमत न्हाई, आन वाट बघत बी बसवायचं न्हाई."

म्हणजे सगळं त्या एका चाकावर होतं. चाक चांगलं पिकलं तर तनुजा जाणार. बिघडलं तर घरी.

दरवर्षी आम्ही चाक कुठल्याही दिवशी करायचो. यंदा मॅडमच्या उद्घाटनासाठी मुहूर्त काढला! श्रावणातला पहिला सोमवार. सकाळी चार घरचं दूध आलं. ग्यानोबा पण आपल्या गाईंचं एक कॅन घेऊन एसटीनं आले.

मल्लिनाथनं कॅनमध्ये डोकावलं. "पाहुणे, हे कंधारीचं दूध. आमच्या देवणीच्या दुधात बुडून जाईल बरं का."

"बुडू द्या की," ग्यानोबा म्हणाले. "खाली बसलेलंच घट्ट असतंय."

सगळे हसले. मग मॅडमला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, महादेवप्पांनी तिच्या चकचकीत कपाळावर भस्माची तीन बोटं ओढली. मला? एक बोटही नाही. मी टबाशेजारी बसून होतो, आणि मनातल्या मनात म्हणत होतो, बिघडू दे. काहीतरी बिघडू दे तुझं.

हो, मी असं म्हटलं. लपवत नाही.

मॅडमचं काम फार वेगानं झालं. माझ्याखाली चाक रात्रभर बसायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं. मॅडमनं संध्याकाळी पाच वाजताच काढून दिलं. "बघितलं का! एका दिवसात!" मल्लिनाथ टाळ्या वाजवत म्हणाला. सगळे मॅडमभोवती. चाक टबात सोडायची वेळ झाली.

आता लक्ष देऊन ऐका. त्या टबात नेहमी आधीचंच मिठाचं पाणी असायचं आणि त्यात थोडं थोडं मीठ घालत राहायचे. पण पाहुणे येणार म्हणून महादेवप्पांनी रविवारी टब रिकामा करून घासला आणि त्यात स्वच्छ पाणी भरून ठेवलं. त्यांना वाटलं, मीठ सून घालेल. सूनबाईला पाहुण्यांच्या गडबडीत वाटलं, मीठ तनुजानं घातलं. तनुजाला वाटलं, टबात तर मीठ असतंच.

"पाणी बघितलंस का गं?" उमादेवीनं विचारलं.

"बघितलं काकू. एकदम निवळ हाय."

बघितलं. पण चाखलं नाही! कसं चाखणार? श्रावणी सोमवार. या घरात त्या दिवशी संध्याकाळच्या पूजेपर्यंत अळणी उपवास. मिठाचा थेंबसुद्धा जिभेला लावायचा नाही. दुसऱ्या कुठल्याही दिवशी कुणीतरी बोट बुडवलं असतं आणि लगेच कळलं असतं. त्या दिवशी सगळ्यांची बोटं कोरडी.

तनुजानं चाक पाण्यात सोडलं. आणि ते बुडालं.

सरळ तळाला जाऊन बसलं. सहा वर्षांत माझ्यासमोर एकही चाक बुडालं नव्हतं. मला त्याच क्षणी कळलं की पाण्यात मीठ नाही. मीठ असतं तर पाण्यानं चाक वर उचललं असतं. दुसऱ्या दिवशी चाक काढताना तनुजानंही बघितलं की ते खाली बसलंय. पण तिला वाटलं, यंदा चाक मोठं आहे, जड असेल. आणि त्या दिवशी उमादेवी स्टॉलचं ठरवायला लातूरला गेली होती.

मला बोलता येत नाही, हे खरं. पण समजा आलं असतं, तर मी बोललो असतो का? मित्रांनो, खरं सांगतो. नसतो बोललो. मला त्या दिवशी गुदगुल्या होत होत्या.

नवव्या दिवशी चाक फुगलं. वरची साल चिकट झाली, एका बाजूला तडा गेला आणि खोलीत असा वास सुटला की महादेवप्पा दारातूनच मागं फिरले.

"यव्वा!" उमादेवी कपाळाला हात लावून खाली बसली. तिनं चाक फिरवून फिरवून बघितलं. "मशीननं घात केला. लई जोरात दाबलं, वरची साल आधीच घट्ट झाली, आन आतलं पाणी आतच कोंडलं."

बोलणं पटण्यासारखंच होतं. सगळ्यांना पटलं. त्याच दुपारी मॅडमवर खताचं रिकामं पोतं टाकलं. तिला परत पाठवायचं ठरलं. घरच्या छोट्या चाकांचं बंद पडलेलं काम पुढच्या आठवड्यात सुरू करायचं म्हणून मला पुन्हा रिकाम्या साच्यावर बसवलं. अहाहा! पोत्याखालून मॅडमचा एक पाय तेवढा दिसायचा आणि मी ऐटीत वरून बघायचो.

माझा आनंद तीन दिवस टिकला.

चौथ्या दिवशी दुपारी तनुजा माझ्याजवळ येऊन बसली. गाणं नाही, हसणं नाही. नखानं माझ्या कडेवर रेघा ओढत म्हणाली, "दगडोबा, यंदा न्हाई जमत बहुतेक. काकू म्हणतेत, पुन्हा दूध मागायचं कसं? दासोहाचं एकदा दिलं की दिलं. बाबा रविवारी न्यायला येऊन राहिलेत."

मी जळत होतो मॅडमवर. भाजलं मात्र या पोरीला.

रविवारी चार घरची माणसं जमली. उमादेवीला त्यांना चाक बिघडल्याचं तोंडानं सांगायचं होतं, फोनवर नाही. ग्यानोबा आले होते. तनुजाची पिशवी दाराशी भरून ठेवली होती. उमादेवी तनुजाला म्हणाली, "जा, ते चाक खड्ड्यात पुरून ये. वास सहन होत न्हाई."

तनुजानं चाक उचललं, खोलीतल्या ओट्यावर ठेवलं आणि पुरायच्या आधी मधोमध कापलं. का कापलं, कुणास ठाऊक. शिकायची हौस, दुसरं काय! आतल्या भागातला कणभर तुकडा तिनं जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकला. मग तिथंच उभी राहिली.

तिनं टबाकडे बघितलं. पोत्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

मला माहीत होतं, तिला कळलंय. आणि हेही माहीत होतं की ती गप्प राहिली तर कुणी तिला काही म्हणणार नाही. दोष मॅडमचा ठरलाच होता. मॅडम जाईल, मी राहीन. माझ्या आतून एक आवाज ओरडत होता, गप्प बस पोरी, गप्प बस! आणि दुसरा, फार बारीक, म्हणत होता, सांगून टाक.

ती बाहेर ओसरीवर गेली. तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"काकू, मशीनची चूक न्हाई. चाक अळणी हाय. मीठच न्हाई लागलं त्याला. मी पाणी चाखलं न्हाई. सोमवार होता. चाक तळाला बसलं तरी मला कळलं न्हाई."

मग महादेवप्पांनी घसा साफ केला. "टब मी धुतला व्हता, माय. मीठ टाकायचं सांगायचं मी इसरलो."

"आन मी तरी कुठं चाखलं?" उमादेवी म्हणाली. "माझा बी उपवासच होता की!"

"म्हणजे तिघांनी मिळून एक चाक उपाशी मारलं," मल्लिनाथ म्हणाला. कुणीच हसलं नाही. मग तो तनुजाकडे वळला. "आन ज्या पोरीनं पाणी चाखलं न्हाई, तिलाच शिकायला धाडायचं का, वहिनी?"

"चाखलं न्हाई हे तिनं सांगितलं ना? तिलाच धाडायचं," उमादेवी म्हणाली. "पण दूध कुठून आणू? दिलेलं पुन्हा मागायला माझी जीभ उचलत न्हाई."

मल्लिनाथ उठला. चपला घालता घालता म्हणाला, "तू कशाला मागतीस? मशीन बिघडली असती तर मी गप घरी बसलो असतो. मशीनला मी काय शिकवणार? चूक माणसाची हाय, म्हणजे सुधरंल. उद्या सकाळी माझं दूध येतंय." बाकीच्या दोन घरांनीही माना डोलावल्या. ग्यानोबांनी दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि परत आत नेऊन ठेवली.

"पण उद्या बी सोमवारच हाय," महादेवप्पा म्हणाले. "पुन्हा उपवास. चाक सोडायच्या वेळी पाणी कोण चाखणार?"

मग तनुजा म्हणाली, "मग दगडोबाखाली ठेवू. ते काही संध्याकाळी निघत न्हाई. मंगळवारी सकाळी निघंल, उपवास सुटल्यावर."

"मशीनखाली पण रात्रभर ठेवता येतंय की," मल्लिनाथ म्हणाला.

"नको," उमादेवी म्हणाली. "ती जास्त दाबती का न्हाई, ते आपल्याला अजून कळलेलं न्हाई. पोरगी शिकून आली की ती सांगंल."

मित्रांनो, इतकी वर्षं मला वाटायचं, मी हळू आहे म्हणून मागं पडलो. त्या सोमवारी मी हळू आहे म्हणूनच मला बोलावलं. मी रात्रभर बसलो. अगदी नीट, तसूभरही न कलता बसलो. मंगळवारी सकाळी तनुजानं टबात बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि तिचा डावा डोळा गच्च मिटला. सगळ्यांनी ते बघितलं. मग तिनं चाक पाण्यात सोडलं. ते एकदा खाली गेलं, आणि हळूच वर आलं. म्हशीच्या पाठीसारखं.

"तरंगलं!" ती ओरडली. "काकू, हे बघा, असं बघायचं! उपवास असला तरी कळतंय!"

आता हे शाळेत पहिल्याच शनिवारी शिकवतात. दोन पातेली, एकात साधं पाणी, एकात मिठाचं, दोन्हीत चीजाचा एकेक तुकडा. कोणता बुडतो, कोणता तरंगतो, आणि का. पोरांना ते इतकं आवडतं की घरी जाऊन काय काय पाण्यात टाकून बघतात.

कार्तिकात ते चाक लातूरला गेलं. पिकायला पंधरा दिवस कमी पडले होते. उमादेवीनं ते लपवलं नाही. स्टॉलवर पाटी लावली: 'या चाकाला पंधरा दिवस कमी आहेत. का, ते विचारा.' लोकांनी विचारलं. शाळेच्या मुलींनी दोन पातेली मांडून सगळी गोष्ट सांगितली. तिसऱ्या दिवशी दुपारीच चाक संपलं. मी लातूरला गेलो नाही. मॅडम गेली! टेम्पोत बसून, मुलांना दाखवायला! मी इथं टबाशेजारी. ते प्रदर्शन कसं होतं, हे मला सगळं तनुजानं येऊन सांगितलं, तरी मला आठ दिवस झोंबत होतं.

मग तनुजा गेली. अहमदपूरच्या स्टँडवर तिला सोडायला सगळे गेले. निघायच्या आधी ती मला कढत पाण्यानं घासून, पुसून, उन्हात ठेवून गेली. मॅडमलाही पुसून गेली. मी बघितलं.

मी सुधारलो असं तुम्हाला वाटलं असेल तर तसं काही झालेलं नाही. दासोहाचं चाक श्रावणी सोमवारी माझ्याखाली बसणार, हे आता ठरलंय. वर्षाचे बाकीचे दिवस मॅडमचे. ते सगळे दिवस मी जळतो. फक्त, काही बुडताना दिसलं की आता मला गुदगुल्या होत नाहीत.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो. नवीन वस्तू आणा, तिला हळद-कुंकू लावा, फोटो काढा. पण कोपऱ्यात ठेवलेल्या जुन्याला अधूनमधून धुवा, त्याच्याजवळ बसा. तो इतकी वर्षं बघत असतो, त्याला काय काय कळलेलं असतं. आणि कुठलीही गोष्ट नुसती बघून सोडून देऊ नका. चाखा. चाखता येत नसेल तर तरंगवून बघा. चुकलं तर ओसरीवर जाऊन मोठ्यानं सांगा.

पुढच्या श्रावणाआधीच तनुजा परत येईल. मॅडम जोरात दाबते की नाही, ते ती सगळ्यांसमोर सांगणार आहे. ती म्हणाली की मॅडम चांगली आहे, तर मला फार फार वाईट वाटेल. पण ती जे सांगेल ते खरंच असेल. मी इथं टबाशेजारीच बसलोय, तिची वाट बघत.